वाचकांचे प्रश्न : कपाटातल्या जुन्या लेन्स आणि आजचा कॅमेरा

फिल्मचे दिवस संपल्यावर कपाटात गेलेल्या मॅन्युअल लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर वापरता येतील का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. वाचकांच्या विनंतीनुसार त्यांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत. उत्तरांत माझा एक आग्रह पुन्हा पुन्हा दिसेल : ॲडॉप्टरवर, म्हणजे एका जातीची लेन्स दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या कड्यावर, पैसे खर्च करण्याआधी लेन्स हातात घेऊन उजेडात नीट पाहावी. लेन्सवर कोरलेल्या नावापेक्षा तिच्या आतली काच, उजेड कमी-जास्त करणारी पाती आणि वंगण आज कोणत्या अवस्थेत आहेत, यावर पुढचे सगळे ठरते.

प्रश्न : माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद होऊन वीस वर्षे झाली. त्यांच्या कपाटात पेंटॅक्स के१००० कॅमेऱ्याची ५० मिमी एफ/२ लेन्स, आट्यांनी बसणारी १३५ मिमी एफ/३.५ ताकुमार आणि ५० मिमी एफ/१.४ सुपर ताकुमार अशा तीन लेन्स मिळाल्या. शेवटच्या लेन्सची काच कोऱ्या चहासारखी पिवळट दिसते. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे. या लेन्स त्यावर चालतील का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या डी५६०० वर या तिन्ही लेन्स समाधानकारकपणे चालणार नाहीत. त्याचे कारण एका मिलिमीटरच्या फरकात आहे. लेन्स कॅमेऱ्याला ज्या धातूच्या कड्यावर टेकते, त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक माउंटसाठी, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक प्रकारच्या जोडणीसाठी, ठरलेले असते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी आहे, तर आट्यांच्या एम४२ माउंटमध्ये आणि पेंटॅक्सच्या के माउंटमध्ये ४५.४६ मिमी. म्हणजे आपली लेन्स निकॉनवर बसवली, तर ती तिच्या हक्काच्या जागेपेक्षा किमान एक मिलिमीटर पुढे राहते आणि अनंत अंतरावर फोकस होत नाही. हिशेब केला, तर ५० मिमी लेन्स जेमतेम अडीच मीटरपर्यंतच फोकस होईल. ॲडॉप्टरची स्वतःची जाडी धरली, तर त्याहूनही अलीकडे. खुर्चीवर बसलेल्या आजी स्पष्ट येतील, पण त्यांच्यामागचे अंगण आणि त्यापलीकडचा समुद्र कितीही रिंग फिरवली तरी स्पष्ट होणार नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आत भिंग बसवलेले ॲडॉप्टर मिळते. परंतु ते स्वस्तातले भिंग चांगल्या लेन्सचे काम बिघडवते, म्हणून मी ते सुचवणार नाही.

आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांत ही अडचण उरत नाही. निकॉन झेडमध्ये तेच अंतर १६ मिमी, सोनी ईमध्ये १८ मिमी आणि कॅनन आरएफमध्ये २० मिमी आहे. उरलेले अंतर भरून काढायला मधे एक पोकळ नळी बसवली की काम होते. आपल्या लेन्ससाठी सोनीवर ती सुमारे साडेसत्तावीस मिलिमीटरची असते. त्या नळीत काच नसल्यामुळे चित्राच्या दर्जाशी तिचा थेट संबंध येत नाही. मात्र ती घट्ट बसली पाहिजे, डुगडुगता कामा नये आणि आतून चकचकीत नसावी. आतला काळा रंग चमकत असेल, तर आडवा उजेड त्यावर आपटून सगळ्या चित्रावर धुरकट पडदा येतो. कॅमेरा घेताना शक्य असेल, तर फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरचा आणि ज्याच्या अंगातच कंपन रोखण्याची सोय आहे असा घ्यावा. सेन्सर लहान एपीएस-सी आकाराचा असला, तर आपल्या ५० मिमी लेन्समधून सुमारे ७५ मिमी लेन्सइतकेच दृश्य दिसेल आणि घरातल्या खोलीत मागे सरकायला जागा पुरणार नाही.

दुसरा मार्ग पेंटॅक्सच्या डिजिटल एसएलआरचा, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा आहे. के माउंट १९७५ साली आला आणि पेंटॅक्सने तो आजवर सोडलेला नाही. त्यामुळे के१००० ची लेन्स पेंटॅक्सच्या डिजिटल एसएलआरवर ॲडॉप्टरशिवाय बसते. मेनूमध्ये ॲपर्चर रिंग, म्हणजे पाती उघडणारी-मिटवणारी लेन्सवरची रिंग, वापरण्याची परवानगी द्यायची, कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवायचा आणि हिरवे बटण दाबायचे. कॅमेरा क्षणभर लेन्सची पाती मिटवून उजेड मोजतो आणि शटरचा वेग ठरवतो. या वाटेने जाताना एक सावधगिरी बाळगावी. के माउंटच्या काही रिकोह लेन्सच्या मागच्या बाजूला एक जादा खीळ असते आणि ती पेंटॅक्सच्या ऑटोफोकस कॅमेऱ्यात अडकून बसते. जुन्या बाजारात अशी लेन्स मिळाली, तर ती तपासल्याशिवाय चढवू नये.

आता पिवळ्या काचेविषयी. हा डाग नाही आणि पुसून जाणारही नाही. त्या काळी काचेची वक्रीभवनाची क्षमता वाढवण्यासाठी काही लेन्सच्या काचेत थोरियमचे ऑक्साइड मिसळत असत. त्याच्या किरणोत्सारामुळे काच वर्षानुवर्षे हळूहळू पिवळी पडते. सात भिंगांच्या ५० मिमी एफ/१.४ ताकुमारमध्ये हे नेहमी आढळते. छायाचित्र काढण्याच्या नेहमीच्या वापरात यापासून घाबरण्याचे कारण नाही. फक्त ती काच घासू नये, फोडू नये आणि डोळ्याला लावून पाहण्याच्या उपकरणात वापरू नये. पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो. अतिनील एलईडीचा छोटा दिवा लेन्सच्या मागच्या काचेवर काही दिवस लावून ठेवला, की काच पुष्कळ निवळते. दिवा चालू असताना त्याकडे थेट पाहू नये. काही जण त्यासाठी लेन्स उन्हात ठेवतात. उन्हानेही गुण येतो, पण लेन्स सूर्यकिरण एकवटून मागची वस्तू जाळू शकते आणि उष्णतेने आतले वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरते. उन्हात ठेवायचीच असेल, तर एका बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळावी, दुपारचे ऊन टाळावे आणि लेन्सला हात लावून ती तापत नाही ना, हे पाहत राहावे.

लेन्स बसवल्यानंतर पहिल्याच दिवशी ‘शटर उडत नाही’ अशी तक्रार हमखास येते. कॅमेऱ्याला अशी लेन्स ओळखता येत नाही, म्हणून तो लेन्स नाहीच असे समजतो. मेनूमध्ये लेन्सविना शटर उघडण्याची परवानगी शोधून ती चालू करावी. कंपन रोखण्याची सोय असेल, तर तिथे ५० किंवा १३५ असा आकडा स्वतः भरावा आणि लेन्स बदलताना तो न विसरता बदलावा. सुपर ताकुमारच्या अंगावर ऑटो आणि मॅन्युअल अशी छोटी कळ आहे. ती मॅन्युअलवर ठेवली, तरच रिंग फिरवताना पाती मिटतील.

प्रश्न : काकांनी मला १९६० च्या दशकातली निकॉनची ५० मिमी लेन्स दिली. माउंट तोच असल्याने माझ्या डी७२०० वर थेट चढवू का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण चढवण्याआधी विचारलेत, हे फार चांगले केलेत. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा आहे, पण १९७७ साली ॲपर्चरची माहिती कॅमेऱ्याला देण्याची ‘एआय’ ही पद्धत आली आणि ॲपर्चर रिंगच्या मागच्या कडेचा आकार बदलला. डी७२०० च्या माउंटशेजारी एक बारीक खटका असतो. त्याआधीच्या लेन्सची रिंग त्यावर दाबली जाऊन तो मोडू शकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. ॲपर्चर रिंगवर सशाच्या कानांसारखे दिसणारे धातूचे दोन पंख असतात. ते भरीव असतील आणि रिंगवर आकड्यांची एकच रांग असेल, तर लेन्स जुन्या पद्धतीची आहे. पंखांना आरपार भोके असतील आणि मोठ्या आकड्यांच्या मागे बारीक आकड्यांची दुसरी रांग असेल, तर ती एआय आहे. ती निर्धास्त चढवावी, मेनूमध्ये तिची फोकल लांबी व कमाल ॲपर्चर भरावे, म्हणजे उजेडाची मोजणीही मिळेल. काकांच्या काळात अनेकांनी ही रिंग कारागिराकडून कापून घेतलेली असते, म्हणून सालापेक्षा प्रत्यक्ष रिंग पाहून निर्णय घ्यावा.

प्रश्न : मी फुजीफिल्म एक्स-टी३० वर हेलिओस ४४-२ वापरतो. फोकस पीकिंगमध्ये डोळ्यांवर लाल रेघा दिसतात, तरीही मोठ्या पडद्यावर पाहिले की डोळे अस्पष्ट आणि कान स्पष्ट निघतात. लेन्स खराब आहे का? शिवाय या लेन्सची प्रसिद्ध ‘गरगरणारी’ पार्श्वभूमीही मला मिळत नाही. — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : आपल्या वर्णनावरून लेन्स खराब वाटत नाही. आपण तिच्याकडून फार अरुंद जागेत काम करून घेत आहात. ५८ मिमी लेन्स एफ/२ वर (एफचा आकडा जितका लहान, तितकी पाती जास्त उघडी) ठेवून एक मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केले, तर आपल्या सेन्सरवर स्पष्ट येणाऱ्या पट्ट्याची खोली अडीच सेंटिमीटरही भरत नाही. दीड मीटरवर ती पाच सेंटिमीटरच्या आसपास जाते. डोळ्यापासून कानापर्यंतचे अंतर याहून कितीतरी जास्त आहे, हे आरशासमोर बोटांनी मोजून पाहावे. फोकस केल्यावर आपण श्वास सोडताना किंचित पुढे झुकलात, की एवढ्यावरच डोळे निसटतात.

पीकिंग ही कॅमेऱ्याची अटकळ आहे. जिथे कडांचा विरोध, म्हणजे उजळ-गडद यांतला फरक, जास्त दिसतो तिथे तो रंग भरतो. पापण्या, भुवया, केसांच्या बटा यांना विरोध मुळातच अधिक असल्याने त्या नेमक्या फोकसमध्ये नसतानाही लाल होतात. म्हणून पीकिंगची तीव्रता कमीत कमी ठेवावी, त्यावर फक्त अंदाज घ्यावा आणि शेवटचा निर्णय दृश्य मोठे करून घ्यावा. मोठ्या केलेल्या चौकटीत जवळच्या डोळ्याची बुबुळाची कड दिसेपर्यंत रिंग फिरवायची, किंचित पुढे जाऊ द्यायची, मग परत आणायची. या दोन टोकांमधली जागा हाताला सापडते. छायाचित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या, स्वरूपात काढत असाल, तर कॅमेऱ्यातला चित्रप्रकार कृष्णधवल ठेवून पाहा. व्ह्यूफाइंडरमध्ये राखाडी चित्रावर लाल रेघा उठून दिसतात आणि रॉ फाइलमध्ये रंग जसेच्या तसे राहतात.

हेलिओस ४४-२ ला ॲपर्चरच्या दोन रिंग आहेत आणि अनेक जण त्यातली दुसरी कधी समजूनच घेत नाहीत. पहिली रिंग टिकटिक आवाज करत थांबते. तिच्यावर आपल्याला हवा तो आकडा, समजा एफ/४, लावून ठेवायचा. दुसरी रिंग आवाज न करता फिरते. ती पाती पूर्ण उघडते किंवा आपण लावलेल्या आकड्यापर्यंतच मिटवते. एफ/२ वर उघडून फोकस करायचे आणि डोळा न काढता दुसरी रिंग अडेपर्यंत फिरवून शटर दाबायचे, अशी तिची घडण आहे. एफ/४ वर पट्टा दुप्पट खोल होतो. चेहऱ्यांसाठी मी तिच्यावर हाच आकडा सुचवीन. शटरचा वेग १/२५० पेक्षा खाली जाऊ देऊ नये, कारण एक्स-टी३० च्या अंगात कंपन रोखण्याची सोय नाही आणि लेन्समध्येही नाही.

आता पार्श्वभूमीविषयी. ही लेन्स झाइसच्या बायोटार या जर्मन रचनेवरून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात तयार झाली आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर जगभर गेली. मागचा पाचोळा गोल गोल फिरल्यासारखा दिसतो तो चित्राच्या कडेला, कारण तिथे प्रकाशाचे गोळे बदामाच्या आकाराचे दाबले जातात. आपला सेन्सर लहान असल्याने नेमक्या त्याच कडा कापल्या जातात. उरलेला परिणाम मिळवायचा असेल, तर लेन्स पूर्ण उघडी ठेवावी, माणूस दीड-दोन मीटरवर उभा करावा आणि त्याच्या पाच-सहा मीटर मागे कवडसे गाळणारे झाड येईल अशी जागा निवडावी. सकाळी साडेआठच्या सुमारास एखाद्या टेकडीवर, पानांमधून तिरपे ऊन येत असताना हा प्रयोग करून पाहावा. भिंतीसमोर ही लेन्स कितीही उघडली, तरी काही गरगरणार नाही.

रस्त्यावर माणसे टिपण्यासाठी मात्र फोकस करत बसू नये. आपल्याला २८ मिमीची जुनी लेन्स मिळाली, तर एफ/८ वर पाच मीटरचा आकडा लावून ठेवावा. आपल्या कॅमेऱ्यावर अडीच मीटरपासून पुढचे सगळे पुरेसे स्पष्ट येईल. लेन्सवर कोरलेल्या खोलीच्या खुणा फिल्मच्या काळातल्या आणि मोठ्या चौकटीसाठीच्या आहेत. एफ/८ वर असताना एफ/५.६ च्या खुणा वाचल्या, की फसगत होत नाही.

प्रश्न : लेन्सला बुरशी लागली आहे. दुरुस्तीवाला म्हणतो साफ होईल, मित्र म्हणतो फेकून दे आणि बाकीच्या लेन्सजवळ ठेवू नको. काय करावे? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आधी बुरशी कुठे आहे ते पाहावे. लेन्स पूर्ण उघडून काळोख्या खोलीत मागच्या बाजूने टॉर्च तिरपा धरावा आणि पुढून आत पाहावे. धुळीचे कण दिसतील. त्यांची पर्वा करू नये. कापसाच्या तंतूंसारखे, फांद्या फुटलेले जाळे दिसले, तर ती बुरशी. सगळीकडे सारखे धुके असेल, तर बहुतेक वेळा वंगणाची वाफ बसलेली असते आणि ती साफ होते. काचेच्या कडेला इंद्रधनुषी चंद्रकोर दिसली, तर चिकटवलेली दोन भिंगे सुटू लागली आहेत. त्यावर सोपा उपाय नाही. बुरशी मोकळ्या पृष्ठभागावर असेल, तर चांगला कारागीर ती काढू शकतो. चिकटवलेल्या दोन भिंगांच्या मधे शिरली असेल, तर दुरुस्तीवर खर्च करू नये.

बुरशी काढल्यानंतरही काचेवर ओरखडा राहू शकतो, कारण ती वाढताना जी आम्ले सोडते त्यांनी काचेवरचे चमक रोखणारे लेपन आणि कधी कधी काचही खरवडली जाते. माझी एक १३५ मिमी लेन्स मी तिच्या मूळच्या चामड्याच्या डबीत, मोठ्या जपणुकीने, एक पावसाळाभर ठेवली होती. ऑक्टोबरमध्ये डबी उघडली, तेव्हा पुढच्या भिंगाच्या कडेला पांढरे जाळे होते. कारागिराने ते स्वच्छ काढले, पण आजही मावळतीच्या उजेडात धरली की त्याच आकाराची पुसट नक्षी दिसते आणि सूर्य चौकटीत आला की चित्र फिके पडते. चामडे ओल धरून ठेवते. डबी आठवण म्हणून वेगळी ठेवावी, लेन्स तिच्यात ठेवू नये.

आपल्या मित्राचे अर्धे बरोबर आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यामुळे एका लेन्सला दूर ठेवल्याने बाकीच्या वाचत नाहीत. ज्या दमट जागेत एकीला बुरशी लागली, त्याच जागेत दुसरीलाही लागणार. तरी साफ होईपर्यंत ती वेगळी ठेवलेली बरी. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की धोका सुरू होतो आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याहून खूप वर असते. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर लावून ठेवणे उत्तम. ते परवडत नसेल, तर रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर एवढ्याने काम भागते. जेलचा रंग बदलला, की ते स्वयंपाकाच्या भांड्यात न घेता वेगळ्या पत्र्याच्या थाळीत, शंभर ते एकशेवीस अंशांवर तापवून पुन्हा वापरावे. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून नारिंगी घ्यावे. डब्यात तांदूळ टाकण्याची जी रीत आहे ती पूर्णपणे चुकीची आहे. तांदळाची पिठूळ धूळ हे बुरशीचे खाद्यच आहे. डांबराच्या गोळ्याही नकोत, कारण त्यांची वाफ काचेवर बसू शकते. आगोटीची खरेदी कराल, तेव्हाच जेलही आणून ठेवावे. पहिला पाऊस पडून गेल्यावर डबा बंद केला, तर आतली हवा आधीच ओली झालेली असते.

प्रश्न : मी लग्नाची छायाचित्रे काढतो. जुन्या लेन्सचे ‘वेगळे रूप’ ग्राहकांना आवडते, असे ऐकतो. सगळे लग्न अशाच लेन्सवर काढावे का? — एक व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : काढू नये. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण एका सेकंदाचा असतो, मंडपात अक्षता उडत असतात, कोणीतरी मधे येते. तिथे हाताने फोकस करण्याची जोखीम दुसऱ्याच्या घरच्या कार्यावर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिथे ऑटोफोकसच वापरावे. केवळ स्पष्टतेसाठी बाजारातून जुनी ५० मिमी विकत घेणार असाल, तरी माझे उत्तर नकारार्थी आहे. आजची साधी ५० मिमी एफ/१.८ पूर्ण उघडी असताना बहुतेक जुन्या लेन्सपेक्षा अधिक स्वच्छ चित्र देते. शिवाय दिव्यांच्या माळा चौकटीत आल्या, की जुन्या लेपनाची लेन्स धुरकटते आणि चकाकणाऱ्या दागिन्यांच्या कडांना जांभळी किनार येते. हूड लावून आणि एफ/४ पर्यंत मिटवून हे बरेच आवरते.

घरात चांगल्या स्थितीतली जुनी लेन्स असेलच, तर तिला जागा आहे. मुहूर्ताआधी खिडकीशी बसलेली नवरी, सुकत आलेल्या मेंदीचे हात, रुखवताच्या मांडणीतले जिन्नस, मुंडावळ्या बांधणारी आत्याची बोटे, ही छायाचित्रे घाई न करता काढता येतात आणि मऊ उजेडात जुन्या लेन्सचे हलके, कमी विरोधाचे रंग त्यांना शोभतात. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवावा, आकडा लेन्सवरच्या रिंगने लावावा. छायाचित्राच्या फाइलमध्ये लेन्सचे नाव किंवा ॲपर्चर नोंदले जात नाही, म्हणून लेन्स बदलल्यावर पहिले छायाचित्र तिचे नाव आणि लावलेला आकडा लिहिलेल्या चिठ्ठीचे काढावे, म्हणजे संगणकावर निवड करताना कोणती चौकट कशावर काढली हे लगेच कळेल.